गाडीआधी पोचणारा कागद

फेब्रुवारी २००३ मधली गोष्ट आहे. न्हावा शेवा बंदराची कामे करणाऱ्या एका क्लिअरिंग एजंटच्या कचेरीत मी तेव्हा कारकून होतो. निर्यातदाराची बिले समोर ठेवून जहाज कंपनीला मालाचा तपशील कळवायचा, हे माझे काम. अमेरिकेला जाणाऱ्या एका कंटेनरमध्ये नट, बोल्ट आणि वॉशर होते. बिलात ते व्यवस्थित लिहिलेले होते. मी मात्र नेहमीच्या सवयीने मालाच्या रकान्यात 'हार्डवेअर गुड्स' एवढेच लिहिले आणि कागद पाठवून दिला. वर्षानुवर्षे हे चालत आले होते. त्या वेळी जहाज कंपनीने कागद परत केला. असा मोघम शब्द अमेरिकेचे कस्टम्स आता चालवून घेत नाही, माल नेमका कोणता ते लिहा आणि जहाजावर चढण्याच्या चोवीस तास आधी ते तिकडे पोचले पाहिजे, असा निरोप आला.

दुरुस्ती करायला मला पाच मिनिटे लागली. पण चोवीस तासांची मुदत तोवर उलटून गेली होती. जहाज आमच्या कंटेनरशिवाय गेले. पुढच्या जहाजासाठी गेट उघडेपर्यंत कंटेनर घेऊन आलेला ट्रेलर बंदराबाहेरच्या रस्त्यावर दोन रात्री उभा राहिला. चालक बीडकडचा होता. तो दोनदा कचेरीत येऊन गेला. "साहेब, काय लिहायचं राहिलंय तेवढं लिहून टाका की," असे म्हणाला. त्याला वाटत होते, अजून काहीतरी लिहायचे बाकी आहे. पुढे हॉल्टिंगच्या पैशांवरून कारखाना आणि ट्रान्सपोर्टवाला यांच्यात वाद झाला आणि ते पैसे शेवटी त्या चालकाच्याच हिशेबातून वजा झाले. चूक माझी होती, हे मला ठाऊक होते. मी काही बोललो नाही.

तो चोवीस तासांचा नियम २ डिसेंबर २००२ रोजी लागू झाला होता. पहिले दोन महिने सवलतीचे होते आणि फेब्रुवारीपासून अंमल कडक झाला. हा नियम कुठून आला, हे शोधायला मी लागलो तो पुढे वीस वर्षे शोधतच राहिलो. माझे शिक्षण बेताचे. इतिहासाची पदवी नाही. पण कस्टम्सचे कागद वाचायची सवय होती, आणि अमेरिकेचे सरकारी राजपत्र संगणकावर कोणालाही वाचायला मिळते. त्या वाचनात लक्षात आले की समुद्राच्या नियमाला एक धाकटे भावंड आहे, जमिनीवरच्या ट्रकसाठी. सीमेवर येणाऱ्या प्रत्येक मालट्रकने आपल्या मालाची माहिती विजेच्या तारेने आधी कळवायची आणि मग सीमा गाठायची. समुद्रात चोवीस तास मिळतात, तिथे एकच तास मिळतो. या एका तासाचा इतिहास मला समुद्राच्या नियमाहून अधिक गुंतागुंतीचा आणि अधिक मानवी वाटला. तोच इथे मांडतो आहे.

कप्तानाची यादी

जहाजावरच्या मालाच्या यादीला मॅनिफेस्ट म्हणतात. अमेरिकेच्या काँग्रेसने ४ ऑगस्ट १७९० रोजी जकात वसुलीचा एक मोठा कायदा केला. नवे राष्ट्र कर्जात बुडालेले होते आणि आयात मालावरची जकात हेच त्याचे मुख्य उत्पन्न होते. अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी चोरट्या आयातीवर नजर ठेवण्यासाठी दहा गस्ती जहाजे मागितली आणि त्याच कायद्याने ती मिळाली. जहाज किनाऱ्यापासून चार लीग, म्हणजे सुमारे बारा मैलांच्या आत आले की गस्तीचा अधिकारी वर चढून कप्तानाकडे यादी मागू शकत असे. यादी नसेल किंवा खोटी असेल तर दंड कप्तानाला.

म्हणजे 'आधी सांगा' ही कल्पना संगणकाच्या युगातली नाही. जहाज धक्क्याला लागल्यावर यादी केली तर वाटेत उतरवलेल्या मालाचा पत्ता लागत नाही, हे अठराव्या शतकातल्या अधिकाऱ्यांना कळत होते. आपल्याकडे पेशवेकाळातल्या जकातीच्या कागदांतही दस्तक भेटते, पण दस्तक मालाबरोबर चालत असे. ते नाक्यावर दाखवायचे असे. मॅनिफेस्टने त्यात एक पाऊल पुढे टाकले. नाका येण्याआधीच कागद तयार असला पाहिजे, अशी सक्ती त्याने केली.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते, कारण पुढच्या सगळ्या कथेचा पेच तिच्यात आहे. कप्तानाला जबाबदार धरणे त्या काळी रास्त होते. माल चढताना त्याची माणसे हजर असत. पेट्यांवरच्या खुणा आणि क्रमांक मोजून घेतले जात आणि त्याची पोच दिली जाई. पुष्कळदा कप्तानाची जहाजात पातीही असे. यादीवर सही करणारा माणूस माल पाहिलेला माणूस होता.

डेट्रॉइट नदीवरचे कागद

अमेरिका आणि कॅनडा यांच्यातल्या सीमेवर डेट्रॉइट आणि विंडसर ही दोन शहरे समोरासमोर आहेत. मध्ये नदी. सीमा इथे अशी वळते की डेट्रॉइटहून कॅनडात जायला दक्षिणेकडे जावे लागते. या एका ठिकाणी सीमेवरच्या कागदांचा जवळजवळ सगळा इतिहास वाचता येतो, म्हणून आपण इथेच थांबू.

१९२० ते १९३३ या काळात अमेरिकेत दारूबंदी होती. कॅनडातून दारूची निर्यात मात्र कायदेशीर होती. विंडसरच्या धक्क्यावरून लहान लहान होड्या दारूची खोकी भरून निघत. कागदावर त्या क्युबाला निघालेल्या असत. क्युबा तिथून हजारो किलोमीटर दूर. तीच होडी काही तासांत रिकामी परत येई आणि त्याच दिवशी पुन्हा 'क्युबा'ला निघे. कॅनडाच्या अधिकाऱ्यांना हे दिसत नव्हते असे नाही. त्यांचे कागद पूर्ण होते, कर भरलेला होता. अखेर १९३० मध्ये कॅनडाच्या संसदेने कायदा बदलून अमेरिकेकडे जाणाऱ्या दारूला निर्यातीचा कागद देणेच बंद केले. कागद बिनचूक असतो तेव्हा तो खरा असतोच असे नाही, याचा इतका उघड दाखला दुसरीकडे क्वचितच सापडेल.

याच वर्षांत नदीवर कायमचा रस्ता झाला. नोव्हेंबर १९२९ मध्ये अँबॅसडर ब्रिज वाहतुकीला खुला झाला. त्याचा मधला गाळा १,८५० फुटांचा, त्या वेळी जगातला सर्वांत लांब. विशेष म्हणजे पूल खासगी पैशाने बांधलेला आणि पुढेही खासगी मालकीचाच राहिलेला. पाठोपाठ १९३० मध्ये नदीखालचा बोगदा झाला. होड्यांची जागा ट्रकने घेतली.

१६ जानेवारी १९६५ रोजी दोन्ही देशांनी मोटारींबाबत करार केला. मोटारी आणि त्यांचे सुटे भाग जकातीशिवाय नदी ओलांडू लागले. डेट्रॉइटचे कारखाने आणि ओंटारिओचे कारखाने हळूहळू एकाच कारखान्याचे विभाग असल्यासारखे चालू लागले. १ जानेवारी १९९४ पासून नाफ्टा करार आला आणि मेक्सिकोही या साखळीत जोडला गेला. त्याच सुमारास जपानकडून घेतलेली एक पद्धत अमेरिकी मोटार उद्योगात रुळली होती. सुटे भाग गोदामात साठवायचे नाहीत, जुळणीच्या पट्ट्यावर लागतील तेव्हाच ते दारात आले पाहिजेत. गाडीतली आसने कोणत्या रंगाची, कोणत्या क्रमाने लागणार हे ठरले की तो क्रम पुरवठादाराला कळे आणि काही तासांत त्याच क्रमाने भरलेला ट्रक येई. पूर्वी गोदामात असणारा साठा आता रस्त्यावर, ट्रकच्या पोटात असे. साहजिकच त्याचा काही भाग कायम पुलावर असे. दोन्ही देशांमधल्या व्यापाराचा सुमारे चौथा हिस्सा या एका पुलावरून जाऊ लागला.

पुलावरची रांग

१४ डिसेंबर १९९९ च्या संध्याकाळी कॅनडातल्या व्हिक्टोरियाहून सुटलेली फेरीबोट वॉशिंग्टन राज्यातल्या पोर्ट अँजेलिस या लहानशा बंदरात लागली. शेवटच्या गाड्यांपैकी एका गाडीचा चालक कस्टम्सच्या डायना डीन यांना अस्वस्थ वाटला. साध्या प्रश्नांची उत्तरे देताना तो गडबडत होता. त्यांनी त्याला बाजूला घेतले. गाडीच्या डिकीत सुटे चाक ठेवतात त्या जागेत स्फोटकांचे साहित्य सापडले. अहमद रेसम नावाचा हा माणूस लॉस एंजेलिसचा विमानतळ उडवायला निघाला होता. त्याला पकडले ते एका बाईच्या नजरेने. कोणत्याही यादीत त्याची सूचना नव्हती.

पुढे दोन वर्षांच्या आत ११ सप्टेंबर २००१ उजाडला. त्या दिवशी सीमा कायद्याने बंद झाली नाही, पण प्रत्येक वाहनाची तपासणी सुरू झाली आणि परिणाम तोच झाला. एरवी काही मिनिटांत होणारे काम तासांवर गेले. अँबॅसडर ब्रिजकडे जाणाऱ्या ट्रकची रांग विंडसर शहर ओलांडून मैलोन्‌मैल लांबली. बारा बारा तास चालक गाडीत बसून होते. फोर्डसारख्या कंपनीला सुटे भाग न आल्याने काही कारखाने थांबवावे लागले. चार दिवसांत हे स्पष्ट झाले की या सीमेवर प्रत्येक ट्रक उघडून पाहायचा म्हटले तर दोन्ही देशांचा उद्योग बंद पडेल. आणि उघडून पाहायचा नाही म्हटले, तर आत काय आहे ते कसे कळणार?

या प्रश्नाला सरकारांनी दिलेले उत्तर असे होते: ट्रक येण्याआधी त्याच्याबद्दल जाणून घ्या, बहुतेकांना जाऊ द्या, थोडक्यांना थांबवा. १२ डिसेंबर २००१ रोजी ओटावा इथे अमेरिकेचे टॉम रिज आणि कॅनडाचे जॉन मॅन्ली यांनी 'स्मार्ट बॉर्डर' जाहीरनाम्यावर सह्या केल्या. सोबत तीस कलमांचा कार्यक्रम होता. पुढच्या वर्षी ९ सप्टेंबरला अध्यक्ष बुश आणि पंतप्रधान क्रेतिएन अँबॅसडर ब्रिजच्या पायथ्याशी एकत्र आले आणि त्यांनी 'फास्ट' योजना जाहीर केली. आयातदार, वाहतूक कंपनी आणि चालक या तिघांनीही आपली आधी चौकशी करून घेतली असेल, तर त्यांच्या ट्रकला वेगळी मार्गिका आणि कमी तपासणी. विश्वासाचीही आता नोंदणी होऊ लागली.

एक तास

मूळ कायदा आहे ६ ऑगस्ट २००२ चा व्यापार कायदा. त्याच्या कलम ३४३ मध्ये काँग्रेसने सांगितले की समुद्र, हवा, रेल्वे आणि रस्ता या चारही वाटांनी येणाऱ्या मालाची माहिती आगाऊ आणि इलेक्ट्रॉनिक पद्धतीने घेतली जावी. किती आधी, हे मात्र कस्टम्सवर सोपवले. रस्त्यासाठी सुरुवातीच्या मसुद्यात जास्त तासांचा विचार होता. मोटार कारखानदार आणि ट्रकवाल्यांनी त्याला जोरदार हरकत घेतली. ज्या ट्रकचा सगळा प्रवासच दोन तासांचा आहे, त्याने त्याहून आधी माहिती कशी द्यायची? अंतिम नियम ५ डिसेंबर २००३ रोजी राजपत्रात आला. सर्वसाधारण ट्रकला सीमेवर पोचण्याच्या एक तास आधी, फास्ट योजनेतल्या ट्रकला तीस मिनिटे आधी. राजपत्राची ती पाने वाचण्यासारखी आहेत. लोकांनी नोंदवलेल्या हरकती आणि त्यांना दिलेली सरकारी उत्तरे ओळीने छापली आहेत. कोरड्या सरकारी इंग्रजीआडून भांडण ऐकू येते.

अंमल दोन टप्प्यांत झाला. २००४ च्या अखेरीपासून पहिला टप्पा. वाहतूक कंपनीचा चार अक्षरी संकेत आणि मालाचा क्रमांक असलेली बारकोडची पट्टी बिलावर चिकटवायची, ते बिल फॅक्सने सीमेवरच्या दलालाकडे पाठवायचे आणि दलालाने कस्टम्सच्या संगणकात माहिती भरायची. चालक खिडकीशी आला की अधिकारी पट्टी वाचे आणि माहिती पडद्यावर उमटे. दुसरा टप्पा २००७ चा. वॉशिंग्टन राज्यातल्या ब्लेन इथे चाचणी होऊन गेली होती. २५ जानेवारी २००७ पासून वॉशिंग्टन, अॅरिझोना आणि नॉर्थ डकोटातल्या काही नाक्यांवर पूर्ण इलेक्ट्रॉनिक मॅनिफेस्ट सक्तीचे झाले आणि त्या वर्षभरात बाकीच्या सीमेवर टप्प्याटप्प्याने पसरले.

या मॅनिफेस्टमध्ये काय असते? चालकाचे नाव, जन्मतारीख, परवान्याचा क्रमांक. ट्रॅक्टरची आणि ट्रेलरची नंबरप्लेट. सीलचे क्रमांक. माल कोणी पाठवला, कोणाला जायचा, नग किती, वजन किती, आणि माल काय आहे. 'सर्व प्रकारचा माल', 'असे सांगितले जाते की आत अमुक आहे' अशा जुन्या पळवाटा बंद. माझ्या 'हार्डवेअर गुड्स'ची हीच गत झाली होती.

हा एक तास पुढे जगभर रुजला. युरोपने १ जानेवारी २०११ पासून रस्त्याने येणाऱ्या मालासाठी एक तासाचीच मुदत घातली. कॅनडानेही आपल्या बाजूने एक तास धरला आणि जानेवारी २०१६ पासून चुकणाऱ्यांना दंड सुरू केला. एका मोटार उद्योगाच्या गरजेतून आणि विंडसरच्या रांगेतून ठरलेला आकडा इतर खंडांतल्या ट्रकचालकांनाही लागू झाला.

या पद्धतीचा फायदा नाकारण्यात अर्थ नाही. माहिती आधी आलेली असल्यामुळे खिडकीवरचे काम झटपट होते. प्रामाणिक माल सरसर जातो. पूर्वी एखाद्या अधिकाऱ्याच्या लहरीवर ट्रक रात्रभर अडकून राही, ते कमी झाले. नाक्यावरच्या रांगेत आयुष्याची वर्षे घालवलेल्या कोणालाही याचे मोल कळेल. प्रश्न वेगळा आहे, आणि तो मला चालकाच्या बाजूने पाहिल्यावर दिसला.

नाव कोणाचे?

अमेरिकेच्या कस्टम्स कायद्यात एक दंडाचे कलम आहे. माल कळवण्यात चूक झाली तर पहिल्या वेळी पाच हजार डॉलर, पुढच्या प्रत्येक वेळी दहा हजार. कोणाला? कलमात तिघे एका ओळीत उभे आहेत: जहाजाचा कप्तान, वाहनाचा ताबा असणारी व्यक्ती आणि विमानाचा वैमानिक. कायद्याच्या दृष्टीने ट्रकचालक हा १७९० च्या कप्तानाचा वारस आहे.

पण हा वारस माल पाहत नाही. पुष्कळदा त्याला भरून सील केलेला ट्रेलर मिळतो. तो ट्रॅक्टर जोडतो, दिवे आणि ब्रेक तपासतो, सीलचा क्रमांक कागदाशी ताडून पाहतो आणि निघतो. ट्रेलरमध्ये वीस-पंचवीस वेगवेगळ्या लोकांचा माल असेल, तर त्यातल्या एकाच्या कागदात खोट निघाली तरी सगळा ट्रेलर अडतो.

मेक्सिकोच्या सीमेवर ही गोष्ट आणखी टोकाला जाते. टेक्सासमधल्या लारेडो इथे रिओ ग्रांदे नदीवर २००० साली फक्त मालट्रकसाठी वर्ल्ड ट्रेड ब्रिज उघडला. मेक्सिकोच्या आतल्या भागातून माल आणणारा चालक सहसा पूल ओलांडत नाही. तो ट्रेलर अलीकडच्या बाजूला सोडतो. मग एक तिसराच चालक, ज्याचे काम फक्त पूल ओलांडण्याचे, तो ट्रेलर आपल्या गाडीला जोडून पलीकडच्या आवारात नेऊन सोडतो. तिथून अमेरिकी चालक तो उचलतो. हजारो किलोमीटरच्या प्रवासातले हे चार-दोन मैल. त्या मालाबद्दल सर्वांत कमी जाणणारा माणूस हा मधला. सीमा ओलांडताना मॅनिफेस्टमध्ये नाव असते ते त्याचे.

काँग्रेसला हा पेच दिसला नव्हता असे नाही. त्याच २००२ च्या कायद्यात स्पष्ट तत्त्व घातलेले आहे की ज्याला माहिती प्रत्यक्ष असण्याची शक्यता सर्वाधिक आहे त्याच्यावरच ती देण्याची जबाबदारी टाकावी. ते शक्य नसेल, तर माहिती देणाऱ्याने वाजवी विश्वासाने जे खरे मानले ते कळवलेले चालावे. हे कलम मी पहिल्यांदा वाचले तेव्हा मला तो बीडचा चालक आठवला. बंदरावरच्या माझ्या सगळ्या अनुभवात इतके शहाणे वाक्य मी कोणत्याही नियमात वाचले नव्हते.

मात्र नियम प्रत्यक्षात उतरताना मॅनिफेस्टचा मुख्य भार वाहतूक कंपनीवरच आला. मालाचा तपशील आयातदार किंवा दलाल स्वतः भरू शकतो, अशी सोय ठेवली गेली, पण ट्रक, चालक आणि फेरी यांची माहिती वाहतूकदारानेच द्यायची. मोठ्या कंपन्यांनी आपली संगणक यंत्रणा उभारली. एक-दोन ट्रकवाल्याने पैसे देऊन दुसऱ्याकडून ते काम करून घेतले. चूक कुठेही झाली तरी ती कळते खिडकीपाशी, आणि खिडकीपाशी असतो फक्त चालक. माहिती पोचली नाही म्हणून त्याला परत फिरावे लागते किंवा आवारात थांबून फोन करत बसावे लागते. चुकीचे अक्षर लिहिणारा कारकून शेकडो मैलांवर जेवायला बसलेला असू शकतो. हे मी स्वतःला वगळून लिहीत नाही.

आणखी एक गोष्ट आहे. आलेली माहिती कस्टम्सच्या एका मोठ्या यंत्रणेतून जाते आणि कोणता ट्रक बाजूला घ्यायचा याची शिफारस तिथे ठरते. या यंत्रणेबद्दल नोव्हेंबर २००६ मध्ये सरकारने राजपत्रात सूचना छापली, तेव्हा माहिती चाळीस वर्षांपर्यंत ठेवली जाईल असे त्यात म्हटले होते. त्यावर ओरड झाली आणि २००७ मध्ये ही मुदत पंधरा वर्षांवर आली. आपल्याबद्दल यंत्रणेने काय अंदाज बांधला, हे पाहण्याचा हक्क मात्र त्या माणसाला नाही. जुन्या नाक्यावर अधिकारी संशय घेई तेव्हा निदान त्याचा चेहरा दिसत असे. त्याच्याशी वाद घालता येई, आपला माल उघडून दाखवता येई. आता निकाल एक तास आधी लागलेला असतो आणि चालक तो ऐकायला येतो.

डायना डीन यांची गोष्ट इथे पुन्हा आठवते. त्यांनी माणूस पाहिला होता. आगाऊ माहितीच्या पद्धतीनेही माणूस पाहणे बंद केलेले नाही, खिडकीवर अधिकारी आजही आहे. पण त्याची नजर आधी पडद्यावर जाते. पडद्याने 'ठीक' म्हटलेल्या माणसाकडे तो किती वेळ पाहील, आणि पडद्याने 'थांबवा' म्हटलेल्याचे किती ऐकून घेईल? विंडसरच्या धक्क्यावरून क्युबाला जाणाऱ्या होडीचेही कागद ठीकच होते.

पूल तिथेच आहे

फेब्रुवारी २०२२ मध्ये अँबॅसडर ब्रिज पुन्हा जगाच्या बातम्यांत आला. सीमा ओलांडणाऱ्या ट्रकचालकांना कॅनडाने लसीची अट घातली, त्याविरुद्ध सुरू झालेल्या आंदोलनातल्या लोकांनी ७ फेब्रुवारीला विंडसरकडून पुलाचा रस्ता अडवला. १३ तारखेला पोलिसांनी तो मोकळा केला. तेवढ्या दिवसांत मोटार कारखान्यांचे काम पुन्हा थांबले. मॅनिफेस्ट वेळेवर जात होते की नाही, याला काही अर्थ उरला नव्हता. सरकारांनी सीमा एक तास मागे सरकवली, ती संगणकात नेली, पण माल शेवटी एका पुलावरून, एका माणसाच्या हातांनी जातो. बातम्यांत आणि भाषणांत ट्रकचालक हा शब्द त्या आठवड्यात जितका आला, तितका त्या आधीच्या वीस वर्षांत, हे सगळे नियम होताना आला नसेल, असे मला वाटले. त्या आंदोलनाशी मी सहमत नाही. पण आपल्याला कोणी विचारत नाही, ही त्यामागची भावना ओळखीची होती.

आपल्याकडेही आता कागद गाडीच्या पुढे धावतो. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि मुंबईची जकात संपली. मुलुंड, दहिसर, वाशीच्या नाक्यांवरच्या रांगा गेल्या, त्याबरोबर जकात एजंटांचा सगळा धंदाही. १ एप्रिल २०१८ पासून राज्याराज्यांतल्या मालवाहतुकीला ई-वे बिल सक्तीचे झाले. पन्नास हजार रुपयांवरचा माल गाडीत घालून निघायचे तर तपशील आधी संगणकात भरलेला हवा, गाडीचा क्रमांकही. बिलाला मुदत असते. सुरुवातीला ती दिवसाला शंभर किलोमीटरच्या हिशेबाने होती, १ जानेवारी २०२१ पासून दोनशे किलोमीटरच्या हिशेबाने आली. गाडी बिघडली, घाटात कोंडी झाली, तरी ती मुदत चालू राहते. वाढवून घेता येते, पण त्यासाठी कोणीतरी वेळेवर संगणकापुढे बसायला हवे. चालक ते करत नाही. रस्त्यावर अधिकाऱ्याने गाडी अडवली की खाली उतरावे लागते ते त्यालाच.

मी आता निवृत्तीला टेकलो आहे. बंदराजवळच्या चहाच्या टपरीवर कधी गेलो तर चालकांशी बोलत बसतो. एकदा एका चालकाला विचारले, "गाडीत काय आहे दादा?" त्याने खिशातून मोबाइल काढला, ट्रान्सपोर्टवाल्याने पाठवलेला कागद उघडला, बोटाने मोठा केला आणि मला दाखवला. अक्षरे इंग्रजी होती. "तुम्हीच वाचा की," तो म्हणाला. मी वाचले आणि त्याला मराठीत सांगितले. दोन रात्री उभ्या राहिलेल्या त्या चालकाशी हे करणे वीस वर्षांपूर्वी मला जमले असते. त्याला कचेरीत बसवून, तुमच्या गाडीत नट-बोल्ट आहेत, मी चुकीचा शब्द लिहिला म्हणून तुम्ही थांबला आहात, एवढे सांगता आले असते. मग हॉल्टिंगचे पैसे कोणाकडून मागायचे, हे तरी त्याला कळले असते.

ज्याच्या नावावर कागद पुढे जातो, त्याला तो त्याच्या भाषेत आधी वाचायला मिळावा, एवढी साधी अट या सव्वादोनशे वर्षांच्या इतिहासात मला कुठल्याही नियमात सापडली नाही. जहाजाच्या कप्तानाला तिची गरज नव्हती. ट्रकचालकाला आहे.